हर्बल अर्काच्या डबीवर ‘10:1’ लिहिलेलं असतं, म्हणजे तो दहापट गुणकारी असतो का? आणि असा अर्क घरी बनवता येतो का?

नाही, दहापट गुणकारी वगैरे काही नसतं. 10:1 म्हणजे दहा किलो सुकी वनस्पती वापरली आणि एक किलो अर्क हाती आला, बस्स. त्या एका किलोत काय उतरलंय, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. याच आकड्यावरून कामाच्या ठिकाणी माझं एकदा कडाक्याचं भांडण झालं आहे, म्हणून हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

अर्क बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होते. कालमेघ या कडू औषधी वनस्पतीच्या अर्काची ऑर्डर आली, दहास एक. कालमेघाचा कडूपणा आणि बराचसा गुण ज्या अँड्रोग्राफोलाइड नावाच्या घटकामुळे येतो, ते पानांत भरपूर आणि काड्यांत फार थोडं असतं. शिवाय ते पाण्यात धड विरघळत नाही, त्याला अल्कोहोल लागतं. आलेल्या मालात निम्म्याहून जास्त काड्याच होत्या. प्रॉडक्शनच्या साहेबांनी तो तसाच एक्स्ट्रॅक्टरमध्ये भरायला लावला आणि इथेनॉलऐवजी पाणी सोडलं. पाणी स्वस्त, सॉल्व्हंट (म्हणजे घटक विरघळवून काढणारा द्रव, इथे इथेनॉल) परत मिळवायची कटकट नाही. पाण्यानं ओढलं काय, तर साखर, डिंक, टॅनिन आणि क्षार. गाळून, आटवून, स्प्रे ड्रायरमधून काढल्यावर दिसायला सुरेख पावडर झाली. वजनात जेवढी कमी भरली तेवढं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भरणाची पावडर, मिसळून दहास एकचा हिशेब पुरा केला. मी एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, नमुना लावला, तर आलेखात अँड्रोग्राफोलाइडचा उंचवटा जेमतेम दिसत होता.

साहेब म्हणाले, “दहा किलो घातलं, एक किलो काढलं. यात खोटं काय?” ग्राहकानं अँड्रोग्राफोलाइडची टक्केवारी मागितलीच नव्हती, त्यामुळे कागदावर कुणी बोट ठेवू शकलं नसतं. मी माल पास करायच्या कागदावर सही केली नाही. मग सगळ्यांसमोर मला ऐकवण्यात आलं, “लोक शेकडो वर्षं पाण्यातच उकळत आलेत, तेव्हा कुठं होतं तुमचं मशीन?” शेवटी सही दुसऱ्या कुणाकडून तरी घेतली आणि माल गेला. मला आजही तो निर्णय चुकीचा वाटतो, आणि सही न केल्याचा अभिमान वाटतो.

‘शेकडो वर्षं’वाल्या मुद्द्याचं उत्तर 1971 सालीच मिळालेलं आहे. चीनमध्ये तू यूयू आणि त्यांचे सहकारी मलेरियावरचं औषध शोधत होते. छिंगहाव नावाच्या वनस्पतीचा अर्क कधी काम करायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या ग हुंग यांच्या ग्रंथात तूबाईंना कृती सापडली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. त्यात उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेनं गुण जात असावा, हे त्यांनी ओळखलं आणि साधारण 35 अंशांना उकळणारं ईथर वापरलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात या अर्कानं उंदरांतले मलेरियाचे परजीवी पूर्ण साफ केले. त्यातून मिळालेलं आर्टेमिसिनिन आज मलेरियाच्या उपचाराचा कणा आहे, आणि 2015 मध्ये तूबाईंना नोबेल मिळालं. म्हणजे जुन्या जाणत्यांनीसुद्धा सरसकट सगळं उकळलेलं नाही. कशाला उकळायचं आणि कशाला नाही, हे त्यांना कळत होतं. परंपरेच्या नावावर काड्या खपवणं हा त्यांचा अपमान आहे.

नुसत्या गुणोत्तरावर का जाऊ नये, याचं दुसरं उदाहरण गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचं. ज्या गिंको अर्कावर सर्वाधिक अभ्यास झालाय, त्यात सुमारे 24 टक्के फ्लेवोन ग्लायकोसाइड्स आणि 6 टक्के टर्पीन लॅक्टोन्स हे मुख्य घटक ठेवतात. त्याचं गुणोत्तर मात्र 35 ते 67:1 इतकं मागेपुढे होतं, कारण प्रत्येक वेळची पानं सारखी नसतात. घटक पक्के धरले की गुणोत्तर हलतं. गुणोत्तर पक्कं धरलं की घटक हलतात. म्हणून नुसतं 10:1 पुढं करणाऱ्याला विचारा: वनस्पतीचा कुठला भाग, कुठलं सॉल्व्हंट, मुख्य घटक किती टक्के आणि भरण किती? उत्तर आलं नाही तर घेऊ नका. गिऱ्हाईक हे विचारत नाही म्हणूनच तसला माल पुढे जातो.

घरी करायचं तर साल-मुळांचा काढा उकळून करा. सुगंधी पानांवर मात्र उकळतं पाणी ओतून भांडं झाका, नाहीतर तेल वाफेबरोबर उडून जातं. टिंक्चरसाठी, म्हणजे अल्कोहोलमधल्या अर्कासाठी, एक भाग सुकी वनस्पती, पाच भाग 45 ते 60 टक्के अल्कोहोल, दोनेक आठवडे रोज हलवत ठेवायचं आणि मग पिळून गाळायचं. राळेसारख्या पदार्थांना 90 टक्के लागतं. अल्कोहोल पिण्यायोग्य इथेनॉलच हवं. औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, त्यानं डोळे जातात आणि जीवही जातो.

टक्केवारी कळली म्हणजे सगळं कळलं, असंही नाही. सेंट जॉन्स वर्ट या औषधी वनस्पतीत बराच काळ हायपरिसिन हा घटक मोजत होते, पण यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवून इतर औषधांचा असर कमी करतं ते त्यातलं हायपरफोरिन. गर्भनिरोधक गोळ्या आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे औषध त्यानं निकामी होऊ शकतं. ज्येष्ठमधाचा अर्क बरेच दिवस घेतला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. ग्रीन टीच्या अर्कातून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (चहातला एक मुख्य घटक) पोटात गेलं तर रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण, आढळली आहे. रोजची गोळी सुरू असेल, गरोदर असाल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर अर्काची डबीच घेऊन डॉक्टरांकडे जा.