लिनक्स मशीनमधली नवी हार्ड डिस्कसुद्धा मधेच गायब होते, दोष डिस्कचा आहे की कंट्रोलरचा?

तुम्ही लिहिलंय की जुन्या पीसीवर डेबियन टाकून घरचा बॅकअप सर्व्हर केलाय, ४ टीबीच्या दोन डिस्क आहेत, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की मशीन अर्धा मिनिट गोठतं, मग डीमेसेजमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या लॉगमध्ये) 'हार्ड रिसेटिंग लिंक'ची रांग लागते आणि शेवटी पार्टिशन रीड ओन्ली (फक्त वाचता येईल असं) होऊन बसतं. एक डिस्क बदलून झाली, तरी तेच. आता दुसरी पण बदलू का? नको, अजून खिशात हात घालू नका.

नवीन डिस्क लावूनही तेच होत असेल तर मधली वाट तपासायची, म्हणजे डेटा केबल, पॉवरची वायर, पोर्ट, कंट्रोलर (पोर्ट चालवणारी चिप) आणि एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय). बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात, कारण डिस्क बदलणं सोपं वाटतं. मी पण केलंय, सांगतो पुढे.

त्याआधी एक. त्या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे कुठेच नसेल तर घाईघाईत एफएसचेक (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारू नका. तो डिस्कवर लिहितो, आणि डिस्क किंवा केबल धड नसताना लिहिणं म्हणजे आगीत तेल. आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कवरून डेटा काढायचं टूल) दुसऱ्या डिस्कवर इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, काढा आणि मॅपफाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मधेच लिंक तुटली तरी जिथे थांबलं तिथून परत सुरू करता येतं. दुरुस्ती काय करायची ती त्या इमेजच्या कॉपीवर.

आता लॉग. 'फेल्ड कमांड' म्हणून जी ओळ येते तिच्या थोडं खाली महिरपी कंसात एररचं नाव असतं, सगळी मेख तिथे आहे. तिथे यूएनसी दिसलं तर डिस्कला स्वतःच्याच तबकडीवरचं वाचता आलं नाही, म्हणजे डिस्कच चाललीये. आयसीआरसी दिसलं तर डिस्कने वाचलं बरोबर पण वाटेत बिट बिघडले, तिथे पहिला संशय केबल आणि कनेक्टरवर. नुसतंच टाइमआउट असेल तर दोन्हीकडे बोट दाखवता येतं, मग स्मार्टचे आकडे बघायचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद.

स्मार्टसीटीएल (हे आकडे दाखवणारी कमांड) चालवल्यावर वरती 'पास्ड' लिहून येतं, त्याच्यावर जाऊ नका, मरायला टेकलेल्या डिस्कसुद्धा पास होतात. खालच्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ नंबरचे रॉ आकडे बघा, हे खराब सेक्टरचे (सेक्टर म्हणजे तबकडीवरचा छोटा तुकडा), हे वाढत असतील तर डिस्कचा निरोप घ्यायची तयारी करा. आणि १९९ हा सीआरसी (वाटेत डेटा बिघडला का ते बघणारी तपासणी) एररचा, म्हणजे वायरचा. हा आकडा परत शून्यावर येत नाही, त्यामुळे आज जो आहे तो कागदावर लिहून ठेवा आणि मोठी फाइल कॉपी करून परत बघा. जुना आकडा मोठा असला तरी घाबरायचं कारण नाही, वाढतोय का एवढंच बघायचं.

आता माझी गोष्ट. माझ्याकडे दोन डिस्क एकाच वेळी पडायच्या, मी एक वॉरंटीत पाठवली, बदलून आली, परत तेच. १९९ पण जागचा हलत नव्हता, डोकं आउट. मग एकदा सहज १२ नंबरकडे लक्ष गेलं, तो पॉवर सायकल काउंट, म्हणजे डिस्कची वीज किती वेळा जाऊन आली. मशीन महिनाभर बंद झालं नव्हतं आणि हा आकडा मात्र वाढत चाललेला! म्हणजे मशीन चालू असतानाच डिस्कची वीज जात होती. दोन्ही डिस्क एका स्वस्तातल्या स्प्लिटरवर (एका पॉवर वायरीच्या दोन करणारा जोड) होत्या, जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून डिस्कचा साटा कनेक्टर करतात ना तो. तो काढला, एसएमपीएसच्या स्वतःच्या वायरी लावल्या, विषय संपला. तसले स्प्लिटर वितळल्याचे प्रकार पण होतात, त्यामुळे तुमच्याकडे असेल तर आजच काढा.

तुमचं ते अर्धा मिनिट गोठणं म्हणजे कर्नलचा डीफॉल्ट टाइमआउट, ३० सेकंदांचा. तेवढा वेळ तो डिस्कच्या उत्तराची वाट बघतो, मग लिंक रिसेट करतो. काही डेस्कटॉप डिस्क एखाद्या खराब सेक्टरशी याहून जास्त वेळ झटत बसतात आणि रेडमधून (अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत) उगाच बाहेर फेकल्या जातात, त्यांना जमत असेल तर एससीटी ईआरसी (खराब सेक्टरशी किती वेळ झटायचं त्याची मर्यादा) ७ सेकंदांवर लावतात. पण तुमच्याकडे नव्या डिस्कवरही होतंय म्हणून मी आधी वायरीच बघेन.

अदलाबदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी लॉगमधला एटीए३ की एटीए४ (कर्नलने पोर्टला दिलेला नंबर) म्हणजे नक्की कुठली डिस्क ते सिसएफएसमधल्या (कर्नल हार्डवेअरची माहिती दाखवतो ते /sys) ब्लॉक फोल्डरमधल्या लिंकवरून काढा, कारण रिसेटनंतर डिस्कचं नाव एसडीएचं एसडीसी झालेलं असू शकतं, सीरियल नंबर हाच खरा. मग केबल तीच ठेवून पोर्ट बदला. एरर डिस्कमागे गेली तर डिस्क किंवा तिची केबल, जुन्या पोर्टवरच राहिली तर पोर्ट किंवा कंट्रोलर. दोन पोर्टवाल्या स्वस्त पीसीआय एक्सप्रेस कार्डावर दोन्ही डिस्क असतील आणि दोन्ही एकाच सेकंदाला पडत असतील तर त्या मदरबोर्डच्या पोर्टवर लावून बघा, तरीही एकदम पडल्या तर मग वीजच. सर्व्हरमधून काढलेलं सॅस कार्ड (सर्व्हरच्या डिस्क जोडायचं कंट्रोलर कार्ड) घरच्या कॅबिनेटमध्ये घातलं असेल तर त्याचा हीटसिंक हाताला किती गरम लागतो ते पण बघा, त्याला सर्व्हरच्या पंख्यांची सवय असते.

आणि केबल बदलल्यावर १९९ थांबला तर ती जुनी केबल कात्रीने कापून टाका, नाहीतर ती त्याच ड्रॉवरमध्ये जाते आणि वर्षभराने आपणच ती परत लावतो.