कृष्णवर्णीय महिलेच्या छोट्या संस्थेला अमेरिकेत अनुदान मिळणे एवढे अवघड का?

आपला प्रश्न असा आहे की, अटलांटात आपल्या ओळखीची एक कृष्णवर्णीय महिला वस्तीतील गरोदर स्त्रियांसाठी छोटी संस्था चालवते, तिच्या कामाचे सगळेच कौतुक करतात, तरीही अनुदानाचे अर्ज नामंजूर होतात. असे का होते, आणि आपण तिला कोणती मदत करू शकाल. मी व्यवसायाने हिशेबनीस असून जॉर्जियातील अशाच एका संस्थेचे खजिनदारपद विनावेतन सांभाळते. त्यामुळे अर्जाच्या भाषेपेक्षा ताळेबंदाच्या बाजूने उत्तर देते, कारण माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे.

नवोदित सामाजिक संस्थाचालकांना निधी देणारी एकोइंग ग्रीन आणि सामाजिक संस्थांना सल्ला देणारी ब्रिजस्पॅन या दोन संस्थांनी २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. एकोइंग ग्रीनकडे आलेल्या सर्वांत आश्वासक अर्जदारांची त्यात तुलना केली होती. कृष्णवर्णीय नेतृत्वाखालील संस्थांचे उत्पन्न श्वेतवर्णीय नेतृत्वाखालील संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी भरले. परंतु कोणत्याही अटीने न बांधलेली, म्हणजे संस्थेला स्वतःच्या मर्जीने वापरता येणारी शिल्लक तब्बल ७६ टक्क्यांनी कमी होती. पहिल्या आकड्याची चर्चा होते; माझ्या दृष्टीने दुसरा अधिक बोलका आहे. देणगीदार पैसे देतातही, पण विश्वास देत नाहीत, असा त्याचा अर्थ मी लावते. त्याच वर्षी महिलांच्या कामाला निधी देणाऱ्या मिस फाउंडेशनने काढलेल्या हिशेबानुसार, २०१७ मध्ये अमेरिकी फाउंडेशनांनी दिलेल्या ६६.९ अब्ज डॉलरपैकी श्वेतेतर स्त्रिया आणि मुलींच्या वाट्याला खास त्यांच्यासाठी म्हणून सुमारे अर्धा टक्का आला, म्हणजे दरडोई वर्षाला ५.४८ डॉलर. यात केवळ कृष्णवर्णीयच नव्हे, तर आपल्यासारख्या आशियाई स्त्रियाही धरलेल्या आहेत.

अटींनी बांधलेला पैसा म्हणजे काय, हे आमच्याच वहीतून सांगते. एका देणगीदाराने बाळंतपणानंतरच्या घरभेटींसाठी निधी मंजूर केला. त्यातून प्रशिक्षित कार्यकर्तीचे तासावारी मानधन आणि छापील पत्रके एवढाच खर्च चालणार होता. गाडीचा विमा, कार्यालयाचे भाडे, माझ्याऐवजी एखादा पगारी हिशेबनीस नेमण्याचा खर्च, यांपैकी काहीच त्यात बसत नव्हते, आणि संचालिकेच्या वेतनाच्या ओळीत आम्ही शून्य लिहिले, कारण ‘प्रशासकीय खर्च’ जास्त दिसला तर अर्ज मागे पडतो हे सर्वांना ठाऊक असते. शिवाय रक्कम आगाऊ नव्हे, तर खर्चाच्या पावत्या पाठवल्यानंतर परतफेड म्हणून मिळणार होती. सरकारी अनुदानांत तर ही पद्धत सर्रास आहे. पावती गेल्यापासून पैसे येईपर्यंतचे महिने संस्थेने कशावर काढायचे? मोठी संस्था गंगाजळीतून काढते. छोट्या संस्थेच्या बाबतीत आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मग संचालिका स्वतःच्या क्रेडिट कार्डावर मानधने भागवते. पुढच्या वर्षी दुसरा देणगीदार मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतो आणि शिल्लक नाही हे पाहून संस्था ‘अजून सक्षम नाही’ असा शेरा मारतो. अनुदान नाही म्हणून शिल्लक नाही, आणि शिल्लक नाही म्हणून अनुदान नाही.

यात गेल्या काही वर्षांत कायद्याची भर पडली आहे, आणि प्रकरण अटलांटाचेच असल्याने आपल्या परिचित महिलेला ते ठाऊक असेलच. फिअरलेस फंड हा तेथील गुंतवणूक निधी कृष्णवर्णीय महिलांच्या लघुउद्योगांसाठी २०,००० डॉलरच्या अनुदानांची स्पर्धा घेत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये वंशावर आधारित सवलतींविरुद्ध लढणारे एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने त्यावर दावा लावला. आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, जो गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना करार करण्याचा समान अधिकार मिळावा म्हणून संमत झाला होता! स्पर्धेचे नियम म्हणजे करार, आणि त्यातून इतर वंशांना वगळणे म्हणजे भेदभाव, असा युक्तिवाद होता. ३ जून २०२४ रोजी अकराव्या सर्किटच्या (जॉर्जिया ज्यात येते त्या विभागाच्या) संघराज्यीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने स्पर्धा थांबवण्याचा आदेश दिला, आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. दावा उद्योगांच्या अनुदानाबद्दल होता, तरी त्याचा धसका सामाजिक क्षेत्रातील देणगीदारांनीही घेतला. पुढे २१ जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने, आम्ही बेकायदा विविधता (वंश, लिंग इत्यादींनुसार समावेशाचे) कार्यक्रम चालवत नाही, असे प्रमाणपत्र संघराज्याचे अनुदान घेणाऱ्यांकडून मागितले जाऊ लागले. या आदेशावर न्यायालयीन वाद झाले आहेत. म्हणून अशा कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाला जरूर दाखवावे.

याचा व्यावहारिक परिणाम असा की, अर्जाचा भर आता संस्थापिका कोण आहे यापेक्षा काम कोणते, कुठे आणि कोणत्या गरजेतून चालते यावर ठेवणे शहाणपणाचे ठरते. तिचा अनुभव लपवण्याचे कारण नाही. तो कामाची पात्रता म्हणून मांडावा. गरज सिद्ध करायला आधार भक्कम आहे: २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर ५०.३ होता, तर श्वेतवर्णीय मातांचा १४.५. त्याला आपल्या वस्तीतील पिनकोड आणि प्रत्यक्ष भेटींची नोंद जोडली की अर्जाला वजन येते.

संस्थेला अद्याप ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा नसेल, तर वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरपेक्षा कमी असलेल्या संस्थांसाठी लहान अर्जाची सोय आहे. तोवर एखाद्या नोंदणीकृत संस्थेला ‘फिस्कल स्पॉन्सर’ करून घेता येते; ती आपल्या खात्यातून निधी स्वीकारते आणि त्यातील काही टक्के शुल्क कापते. हा मार्ग मला पसंत आहे, कारण लेखापरीक्षणाचा डोलारा स्वतः उभारण्याआधी संस्थेला कामाचा पुरावा गोळा करता येतो. मात्र करारात पैसे किती दिवसांत पुढे वळते होतील हे लिहून घ्यावे.

मोठ्या राष्ट्रीय फाउंडेशनांच्या दारात आधी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिल्हास्तरीय कम्युनिटी फाउंडेशन, महिला निधी, आणि दक्षिणेकडील राज्यांत काम करणारे सदर्न ब्लॅक गर्ल्स अँड विमेन्स कन्सॉर्शियम यांच्याकडे छोट्या संस्थेचे म्हणणे ऐकून घेणारे लोक भेटण्याची शक्यता जास्त. प्रत्येक खासगी फाउंडेशनचे ९९०-पीएफ, म्हणजे करखात्याला दरवर्षी दिले जाणारे विवरणपत्र सार्वजनिक असते. मागील वर्षी कोणाला किती रक्कम दिली याची यादी त्यात मिळते. त्यात एकही छोटी संस्था नसेल, तर अर्जावर आठवडे घालवू नयेत.

आपण स्वतः काय करू शकाल, तर ही विवरणपत्रे वाचून काढणे आणि दरमहा तिचे हिशेब अद्ययावत ठेवणे. आणि देणगीदाराशी पहिल्याच फोनवर तिला दोन गोष्टी विचारायला सांगा: रक्कम आगाऊ मिळते की परतफेडीने, आणि भाडे-पगारासाठी ती वापरता येते का.