श्वास आधी सोडायचा

बाळा,

तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी वाचला. लगेच उत्तर टाइप करायला घेतलं, पण ते काही दोन ओळींत मावेना म्हणून हे पत्रच लिहितोय. सावकाश वाच, एका बैठकीत नाही संपलं तरी चालेल.

तू लिहिलंयस की काका, ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, ते डोळे मिटायला सांगतात आणि डोळे मिटले की काश्मीरमधल्या पहलगामजवळच्या बैसरनचं ते हिरवं मैदान समोर येतं, तोच आवाज येतो जो आधी फटाक्यांचा वाटला होता, आणि मग घामाघूम होऊन उठतो. मला साधं ध्यानसुद्धा जमत नाही, असं शेवटी लिहिलंयस. ते वाक्य वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो. तुझं काही चुकलेलं नाहीये रे. जो पोरगा २२ एप्रिल २०२५ ला, त्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी, तिथे होता, त्याला अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून वीस मिनिटं बस सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना चढायला लावणं. ध्यान वाईट नाही, पण ती तुझ्यासाठी पहिली पायरी नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. तुला माहितीये मी ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये होतो, पण आपण त्यावर कधी बोललो नाही, तू तेव्हा दुपट्यात होतास. तोही मंगळवारच होता, तुझ्यासारखाच. ११ मिनिटांत ७ स्फोट, सगळे पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत, ऑफिस सुटायच्या वेळेला. मी माटुंगा रोड आणि माहीमच्या मध्ये, फर्स्ट क्लासला लागून असलेल्या सेकंड क्लासच्या डब्यात उभा होतो. काय बघितलं ते नाही लिहीत, तुला गरज नाहीये त्याची. एवढंच सांगतो की मी रुळांवर उतरलो तर आजूबाजूच्या झोपड्यांमधली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावत येत होती, जखमींना उचलायला. एका बाईने मला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. माझे हात इतके थरथरत होते की ते सगळं शर्टावर सांडलं, आणि मी नुसता श्वास आत ओढत होतो, आत, आत, आत, बाहेर सोडायचंच विसरलो होतो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, सोड भाऊ, आधी सोड. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

नंतर खूप वर्षांनी कळलं की तिने सांगितलं ते शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही अगदी बरोबर होतं. घाबरलं की आपण भराभर आणि वरवर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मग बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळते आणि वाटतं आता मी मरणार. म्हणजे मूळची भीती राहते बाजूला आणि श्वासाचीच भीती बसते. श्वास घेताना हृदय किंचित वेगाने धडधडतं आणि सोडताना हळू होतं, हे आपल्या सगळ्यांच्याच शरीरात होतं. म्हणून सोडणं लांबवायचं, बस.

आता तू काय करायचंस ते सांगतो. डोळे उघडे ठेव. खुर्चीत बस, पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, चप्पल काढून, फरशीचा गारवा लागला पाहिजे. दार तुला दिसेल असं बस, पाठीमागे दार नको, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी अजूनही हॉटेलात तसाच बसतो. मग आधी तोंडाने हळूच हवा सोड, चहावर फुंकर मारतो तशी. मग नाकाने चार आकडे मोजत घे आणि सहा मोजत सोड. एका मिनिटात असे साधारण सहा श्वास होतात. फक्त दोन मिनिटं. सहा जमत नसेल तर पाच, ओढून ताणून करू नकोस, गरगरलं तर सोडून दे आणि नेहमीसारखा श्वास घे. सकाळी उठल्यावर आणि रात्री, म्हणजे बरं वाटत असतानाच कर, कारण पोहायला कोणी पुरात शिकत नाही.

आणि तरीही ते मैदान समोर आलंच तर त्याच्याशी भांडू नकोस. खोलीत बघ आणि दिसेल त्याचं नाव घे, मोठ्याने घे, पंखा, कॅलेंडर, आईची साडी दोरीवर, पाण्याची बाटली. आज कोणता वार आहे ते म्हण. मी पुण्यात माझ्या घरात आहे असं म्हण. शरीराला तारीख कळत नाही रे, त्याला वाटतं ते अजून चालूच आहे, त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं की ते संपलंय.

भ्रामरी तुला येत असेल शाळेपासून. ती कर, फक्त कान झाकू नकोस आणि डोळे मिटू नकोस. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो, आकडे मोजायला लागत नाहीत. पण कपालभाती आणि भस्त्रिका आत्ता नको, कोणी कितीही आग्रह केला तरी नको, आणि श्वास रोखून धरणं तर अजिबात नको. आधीच धडधडणाऱ्या शरीराला त्याने आणखी भडकल्यासारखं होतं.

माझी चूकही सांगतो. स्फोटानंतर सात-आठ महिन्यांनी एका ओळखीच्यांनी दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जा म्हणून गळ घातली. फॉर्मवर मानसिक त्रासाबद्दल स्पष्ट विचारलं होतं आणि मी काही नाही म्हणून लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी पहाटे मी तिथून बॅग न घेता बाहेर पडलो, अनवाणी. मौन, एकांत आणि मिटलेले डोळे, या तिन्हींत तो डबा माझ्याबरोबर कोंडला गेला होता. तिथे आज मी जाऊ शकेन, तेव्हा नव्हतो जाऊ शकत. म्हणून कोणी तुला असं काही सुचवलं तर आधी तुझ्या डॉक्टरना विचार.

हो, डॉक्टर. वहिनी म्हणत होत्या तू टाळतोयस. महिन्याभरात झोप, दचकणं, स्वप्नं यातलं बरंचसं बहुतेकांचं कमी होतं, तुझं तेवढं झालेलं नाही, मग आता एकट्याने रेटायचं नाही. श्वासाने लाट ओसरते, पण जखम भरायला माणूस लागतो. आघातावर काम करणारे थेरपिस्ट असतात, त्यासाठीच्या सीबीटी, ईएमडीआर अशा पद्धती आहेत, त्यांचा उपयोग होतो. आणि चांगला थेरपिस्ट तुला पहिल्याच दिवशी सगळं सांग म्हणत नाही. नातेवाईक बसल्या बसल्या काय झालं सांग ना म्हणतात त्यांना सरळ नाही म्हण. ते व्हिडिओ तर बघूच नकोस, कोणी पाठवले तर ग्रुप म्यूट कर. रात्री कोणीच नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. मी स्वतः दीड वर्षाने सायकियाट्रिस्टकडे गेलो, गोळ्या घेतल्या, आणि ते दीड वर्ष उगाच वाया गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. त्या काळात सगळे मुंबई स्पिरिटचं कौतुक करत होते, दुसऱ्या दिवशी लोकल सुरू, माणसं कामावर, आणि मीही तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो म्हणून पाठीवर थापा मिळाल्या. मी रोज टॉयलेटमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभा राहायचो.

तू दुसरं जे लिहिलंयस, की मी पळालो, मागे वळून नाही बघितलं, एका घोडेवाल्याने हात धरून खाली आणलं म्हणून वाचलो. २६ जण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा, एक तिथलाच घोडेवाला, आणि मीच का उरलो. यावर माझ्याकडे उत्तर नाही बाळा. गोळ्या चालत असताना पळणं हे पाप नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो. चादर धरायला मीही गेलो नव्हतो. ते ओझं एका दिवसात उतरत नाही.

लोकलचं म्हणशील तर मी आधी नुसता माटुंगा रोडच्या बाकड्यावर जाऊन बसायचो, गाड्या बघत, चार आत सहा बाहेर. दोन आठवडे फक्त बाकडं. मग दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने एक स्टेशन, उतरायचं, परत. कडी धरून मोजत राहायचो. संध्याकाळच्या गाडीत चढायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुलाही गर्दीत, मोकळ्या मैदानात जायला वेळ लागेल, लागू दे.

आणि हे पूर्ण जातं का असं विचारलंस. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने त्या लोकलमधल्या स्फोटांच्या केसमधल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली, ती बातमी टीव्हीवर लागली आणि १९ वर्षांनी माझा हात तसाच थरथरायला लागला, चहाचा कप खाली ठेवावा लागला. मी टीव्ही बंद केला, चप्पल काढली, पाय फरशीला टेकवले. दहाएक मिनिटांत उठून भाजी आणायला गेलो. पूर्वी अशा एका धक्क्याने आठवडा जायचा.

आता दिवाळी आलीये आणि मला तुझी तीच काळजी आहे, गणपतीतल्या फटाक्यांच्या माळेने तू बाथरूममध्ये जाऊन बसला होतास म्हणून वहिनींनी सांगितलं. खिडक्या आदल्या रात्रीच लावून घे, कानात कापूस घाल, सोसायटीतल्या पोरांना कधी वाजवणार ते आईला विचारून ठेवू दे, अचानक आलेला आवाज जास्त लागतो. लक्ष्मीपूजनाला दोघं माझ्याकडे या, आमची गल्ली शांत असते. आणि नरक चतुर्दशीला मी पहाटे चारपासून जागाच असतो. पहिला फटाका वाजला की फोन लाव. काही बोलू नकोस, मी इकडून आकडे मोजतो, तू फक्त सोड.

तुझा काका