दोन हजेऱ्या चुकल्या तर जामीन रद्द होतो का? – उत्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. भावाला सेशन्स कोर्टाने जामीन दिलाय, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी आहे, कामामुळे दोन हजेऱ्या चुकल्या, तर जामीन रद्द होईल का. पोलीस मोबाईलचं लाइव्ह लोकेशन मागतात, ते द्यावं का. आणि फिर्यादी शेजारीच राहतो, तर घरातल्या मोठ्या माणसांनी जाऊन त्याची समजूत काढावी का.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण त्यासाठीच लिहायला बसले आहे. जाऊ नका. मोठ्या माणसांना तर मुळीच पाठवू नका.

माझ्या धाकट्या भावाला २०२२ च्या जुलैमध्ये जामीन मिळाला. बांधावरून मारामारी, समोरच्याचा हात मोडला, कलम ३२६ लागलं, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत. पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेला बाँड, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आमचे थोरले काका गावात मानाचे, जमीन भरपूर, त्यांनीच राहावं असं सगळ्यांना वाटत होतं. ते म्हणाले, "सातबारा अडकतो, मी राहणार नाही." मग मी राहिले. घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, रेशनकार्ड घेऊन कोर्टात उभी राहिले. नवऱ्याने एका शब्दाने अडवलं नाही, हे इथे लिहायलाच हवं.

अटी तीन होत्या. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत गावात पाऊल ठेवायचं नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी दहा ते बारा ठाण्यात हजेरी. आणि नेहमीचं ते वाक्य, की प्रकरणाची माहिती असलेल्या कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे प्रलोभन, धमकी किंवा वचन द्यायचं नाही, पुराव्यात ढवळाढवळ करायची नाही. हे वाक्य लोक वाचतच नाहीत. माझ्या वकिलांनी तीन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारून दिली होती: 'अप्रत्यक्षपणे', 'कोणालाही' आणि 'वचन'.

भाऊ माझ्याकडे राहायला आला. माझ्या घरापासून ते ठाणं अडतीस किलोमीटर. मी पतसंस्थेत बावीस वर्षं क्लार्क आहे, पोहोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही ही सवय आहे. त्याला दोनशे पानी वही करून दिली. प्रत्येक हजेरीला एक पान: तारीख, ठाण्यात शिरल्याची वेळ, ठाणे अंमलदार कोण होते, रजिस्टरवर सही झाली का. पानाला जाण्यायेण्याची एसटीची तिकिटं टाचणीने लावायची. पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की मशीनच्या तिकिटांवरची शाई उडते. जुलैची तिकिटं ऑगस्टअखेर कोरी दिसायला लागली. तेव्हापासून घरी आल्याआल्या तिकिटाची झेरॉक्स काढून ती पानावर चिकटवायची असं ठरलं. तुम्हीही तेच करा, तिकिटावर विसंबू नका.

८ सप्टेंबर २०२२, गुरुवार. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. ठाण्यातली बहुतेक माणसं बंदोबस्तावर. भाऊ सव्वादहाला पोहोचला तर ड्युटीवरचे हवालदार म्हणाले, रजिस्टर साहेबांच्या केबिनला कुलूप लावून आत आहे, सोमवारी ये आणि दोन सह्या कर. त्याने मला फोन लावला. मी म्हटलं, तिथेच बाकावर बसून अर्ज लिही, 'आज दहा वाजून पंधरा मिनिटांनी हजर आहे, रजिस्टर उपलब्ध नसल्याने सही घेतली नाही', आणि पोहोच माग. त्यांनी अर्ज घ्यायला नकार दिला. मग त्याला समोरच्या पोस्टात पाठवला आणि तोच अर्ज ठाण्याच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवायला लावला. पावतीवर अकरा वाजून काही मिनिटांची वेळ पडली. सोमवारी दोन सह्या करू दिल्या नाहीतच. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पोहोचेसह पाठवा.

असं तेव्हा एकूण तीनदा झालं. तिन्ही वेळा अर्ज पोस्टाने गेला.

काका त्या दिवसांत मला म्हणायचे, "एवढं कागदी काय करतेस? साहेब आपल्या ओळखीचे आहेत, फोन करून टाकतो." ओळखीचे साहेब नोव्हेंबरात बदलून गेले. नवे आले त्यांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांना तीन तारखा रिकाम्या दिसल्या. त्यांची यात काही चूक नव्हती, समोर रजिस्टर जे सांगतं तेच ते लिहिणार.

पण त्याआधी दिवाळी झाली. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आले, २६ ऑक्टोबरला. सकाळी मी भावाला ओवाळत होते तेव्हा अडतीस किलोमीटरवर आमचे काका दोन ज्येष्ठांना सोबत घेऊन, मिठाईचा खोका घेऊन फिर्यादीच्या ओसरीवर बसले होते. म्हणाले, "पोरंच आहेत, रागाच्या भरात झालं. दवाखान्याचा सगळा खर्च देतो, वर काय लागेल ते बोला, पण मिटवून टाका." काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. गावात पिढ्यान् पिढ्या भांडणं अशीच मिटत आली. पण ज्या माणसाचा हात मोडलाय, त्याच्या घरी सणाच्या दिवशी आरोपीकडची तीन वजनदार माणसं येऊन बसली तर त्याच्या बायकोला काय वाटेल? मी त्या बाईच्या जागी असते तर मलाही भीती वाटली असती. आणि 'खर्च देतो' हे वचनच आहे.

तीन आठवड्यांनी फिर्यादीने जामीन रद्द करायचा अर्ज केला. हे पुष्कळांना माहीत नसतं: अर्ज सरकारी वकिलांनीच करावा लागतो असं नाही, फिर्यादीही थेट करू शकतो. तेव्हा सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४३९(२) होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ४८३(३). अर्जात दोन मुद्दे. आरोपीने काकांमार्फत दबाव आणला, आणि त्या वेळी आरोपी स्वतः कोपऱ्यावर उभा होता. त्याला जोडून तपास अधिकाऱ्यांचा अहवाल: तीन हजेऱ्या चुकवल्या.

हजेऱ्यांचा मुद्दा एका तारखेत संपला. आमच्या वकिलांनी 'से'सोबत, म्हणजे आमच्या लेखी उत्तरासोबत, वहीची पानं आणि पोस्टाच्या तीन पावत्या लावल्या. जज्जसाहेबांनी पावत्या एकेक करून पाहिल्या, अहवालातल्या तारखांशी ताडून पाहिल्या आणि सरकारी वकिलांना विचारलं, हे अर्ज ठाण्याला मिळाले की नाही? पुढच्या तारखेला उत्तर आलं, मिळाले होते, आवक रजिस्टरला नोंद आहे.

काकांच्या भेटीचं मात्र चार महिने चाललं. भाऊबीजेचा फोटो आणि शेजारच्या दोघांची प्रतिज्ञापत्रं यांनी भाऊ त्या सकाळी माझ्या घरी होता हे दाखवता आलं. पण त्याने काकांना पाठवलं नव्हतं, हे कोण सांगणार? ते फक्त काकाच सांगू शकत होते. आणि काका प्रतिज्ञापत्र करायला तयार होईनात. "मी काय गुन्हा केला म्हणून कोर्टात लिहून देऊ?" मी दोनदा गेले, माझी आई एकदा गेली. शेवटी आईने त्यांच्या दारात बसून सांगितलं की पोरगा आत गेला तर मी इथून उठणार नाही, तेव्हा त्यांनी सही केली. अर्ज फेटाळला गेला, पण जज्जसाहेबांनी भावाला समोर उभं करून बजावलं की पुन्हा तुझ्या घरातलं कोणी तिकडे गेलं तर ते तुझ्यावर येईल.

काका आजही लग्नकार्यात चारचौघांत म्हणतात, मी चांगल्यासाठीच गेलो होतो आणि तुम्ही मला कोर्टात ओढलं. काका, चांगल्यासाठी जायचं होतं तर जुलैमध्ये जामीनदार म्हणून जायचं होतं. खुद्द कोर्टाने आरोपीला फिर्यादीच्या घरी पाठवलं तरी ते टिकत नाही. २०२० साली मध्य प्रदेश हायकोर्टाने एका विनयभंगाच्या प्रकरणात जामिनाची अट घातली होती की आरोपीने मिठाई घेऊन त्या बाईच्या घरी जावं आणि राखी बांधून घ्यावी. सुप्रीम कोर्टाने १८ मार्च २०२१ रोजी ती अट रद्द केली. प्रकरण वेगळ्या जातीचं होतं, मला कळतं. पण मिठाईचा खोका घेऊन दारात गेलं की आतल्या माणसावर काय येतं, ते त्या निकालात आहे.

तडजोड करायचीच असेल तर दोन्ही वकिलांनी एकमेकांशी बोलावं. कलम आपसांत मिटण्यासारखं असेल तर कोर्टासमोर मिटतं, नसेल तर दोघांनी मिळून हायकोर्टात जाता येतं. ओसरीवर मिटत नाही.

आता तुमच्या दोन हजेऱ्या. हजेरी चुकली म्हणून जामीन आपोआप जात नाही. कोणीतरी अर्ज करावा लागतो, आरोपीला नोटीस मिळते, त्याला बोलू दिलं जातं. दौलत राम विरुद्ध हरियाणा राज्य या १९९४ च्या निकालापासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय की जामीन नाकारणं वेगळं आणि दिलेला काढून घेणं वेगळं, काढायला ठोस आणि भक्कम कारण लागतं. त्यामुळे घाबरून घरात बसू नका, पण गप्पही राहू नका. ज्या कोर्टाने अट घातली त्याच कोर्टात अर्ज द्या: या दोन तारखांना का येता आलं नाही, सोबत नोकरीच्या ठिकाणचा दाखला, आणि हजेरीचा वार किंवा वेळ बदलून मिळावी ही विनंती. अट शिथिल करून मागणं यात कमीपणा नाही, कोर्ट रोज असे अर्ज ऐकतं. ठाण्यातल्या कोणीतरी 'चालेल रे' म्हटलं म्हणजे अट बदलली असं होत नाही. ती फक्त कोर्ट बदलतं.

हजेरीपेक्षा कोर्टाची तारीख चुकणं कितीतरी जड. तिथे अजामीनपात्र वॉरंट निघतं, बाँड जप्त होतो, जामीनदाराला नोटीस येते, आणि कारण नसताना गैरहजर राहणं हा बीएनएसच्या (आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या) कलम २६९ खाली वेगळा गुन्हाच आहे, एक वर्षापर्यंत शिक्षेचा. येता येत नसेल तर त्याच दिवशी सकाळी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज पडायला हवा, दुसऱ्या दिवशी नाही.

लोकेशनबद्दल: आदेशात लिहिलेलं नसेल तर ती अट नाहीच. आणि ८ जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने फ्रँक व्हायटस प्रकरणात म्हटलंय की आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनाला घालता येत नाही. ठाण्यात भांडू नका, वकिलाकडून लेखी उत्तर द्या.

मी वकील नाही. एनडीपीएस (अमली पदार्थ), पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), ॲट्रॉसिटी यांतलं गणित निराळं असतं, तिथे माझ्या अनुभवावर जाऊ नका. शिवाय मुळात जामीन देण्याचा आदेशच चुकीचा होता असं म्हणून वरच्या कोर्टात गेलेलं प्रकरण वेगळं, त्यात अटी पाळल्या की नाही हा प्रश्नच नसतो. आणि तुमच्या भावाच्या आदेशात जे शब्द आहेत ते शेवटचे, माझे नाहीत.

एक राहिलं. तुमच्या भावाला जामीनदार कोण आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जे कोणी असेल त्यांना हजेऱ्या चुकल्याचं आजच सांगा, आणि उद्या घरातलं कोणी फिर्यादीकडे जायचं म्हणत असेल तर तेही सांगा. काका त्या ओसरीवर जाऊन आले हे आमच्या घरात चौघांना माहीत होतं. मला ते वकिलांच्या फोनवरून कळलं.