पोस्टरचा फोटो सेटवरच काढा

प्रश्न : मी चित्रपट शिकवते. मुलं कमी पैशांत छान सिनेमे करतात, पण प्रसिद्धी कशी शिकवू? – एक शिक्षिका, लातूर

उत्तर : ताई, प्रसिद्धी शेवटच्या सत्रावर ढकलू नका. मी पटकथेसोबतच दोन ओळींत गोष्ट लिहून घेतो. सेटवर स्टिल फोटो काढायला एक जण वेगळा नेमतो. व्हिडिओतून उचललेली फ्रेम पोस्टरवर मोठी केली की धूसर होते, चेहऱ्यावरचे भाव जातात. इंग्रजी सबटायटल हवीतच. आणि कळकळीनं सांगतो, पूर्ण सिनेमा घाईनं यूट्यूबवर टाकू देऊ नका. काही महोत्सव मग तो घेत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला मुलांना न्याच, अनोळखी प्रेक्षकांशी बोलू द्या. थिएटरात लावायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तिथल्या ट्रेलरलासुद्धा.