दिवसभर प्रिंटर, जत्रेत मृदंग: आयटी ॲडमिन मुलाच्या आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ल्याहून तुमचं पत्र मिळालं. तुमचा मुलगा बी.एस्सी. आयटी झाला आणि कुडाळजवळच्या एका काजू प्रक्रिया कारखान्यात आयटी ॲडमिन म्हणून, म्हणजे तिथले कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायला लागला. ‘आमचो झील दिसभर प्रिंटरच दुरुस्त करता’ असं तुम्ही लिहिलंय. ताटावरून उठून तो फोन घेतो. सुट्टीत जुन्या लॅपटॉपसमोर काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करत बसतो. जत्रांचे दिवस आले की मृदंग घेऊन दशावताराच्या मंडळाबरोबर रात्र रात्र बाहेर असतो. नात्यातले लोक म्हणतात की यात भविष्य नाही, पुण्याला पाठवा. तिथला एक क्लास नोकरीची हमी देतोय आणि महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम मागतोय. तुम्ही विचारलंय की ही नोकरी खरी का, पुण्याला पाठवू का, आणि मृदंग सोडायला सांगू का.

मृदंगाचं आधी सांगते. सोडायला सांगू नका. का ते पुढे येईलच.

‘प्रिंटर दुरुस्त करतो’ म्हणजे तो दिवसभर नेमकं काय करतो, ते घरातल्या माणसांना सहसा कळत नाही. एक साधा प्रसंग घ्या. रात्री वादळ झालं, लाइट गेली, सकाळी आली. अकाउंटचे भाऊ ओरडतात, ‘नेट गेलं, बँकेची साइट उघडत नाही!’ शेजारच्या टेबलावर मात्र नेट नीट चाललेलं. आता केबल बदलायची, राउटर बंद करून चालू करायचा, की इंटरनेटवाल्याला फोन करून भांडायचं? जाणता ॲडमिन आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघतो. ती मागच्या कुठल्यातरी सालात गेलेली असते. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. लाइट नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. बँकेच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच चालतं, म्हणून कॉम्प्युटर म्हणतो की ही साइट भरवशाची नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलला, तारीख लावली, काम झालं. कारखान्यात सगळ्यांचं लॉगिन विंडोजच्या एकाच सर्व्हरवरून (सगळ्यांना जोडणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरवरून) होत असेल, तर एखाद्या मशीनचं घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकलं तरी पासवर्ड बरोबर असूनही ते आत घेत नाही. कारण माहीत नसेल तर यात अख्खा दिवस जातो.

दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीचा ३बी नावाचा रिटर्न भरायचा असतो. कंपनीला तो डिजिटल सहीने भरावा लागतो आणि ती सही पेनड्राइव्हसारख्या एका टोकनमध्ये असते. संध्याकाळी पाचला ती सही उमटत नाही. टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेटनंतर हरवलाय का, सही करणारं छोटं सॉफ्टवेअर मागे चालू आहे का, की सर्टिफिकेटची मुदतच संपलीय? पहिल्या दोन अडचणी अर्ध्या तासात सुटतात. तिसरी त्या संध्याकाळी सुटेल याची खात्री नसते. ती मुदत महिनाभर आधीच वहीत नोंदवलेली असावी लागते.

मग आपल्या मराठीचं दुखणं. मजुरांसाठीची जुनी सूचना, ग्रामपंचायतीला दिलेलं पत्र, काढायला जावं तर नव्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. लोक म्हणतात फाइल बिघडली. फाइल धडधाकट असते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट मशीनवर नसला की मूळची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोड या आताच्या पद्धतीत देवनागरीला स्वतःच्या जागा आहेत, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. अशी कागदपत्रं एकदा बसून युनिकोडमध्ये आणणं, जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालणं, हे काम कोकणातल्या कितीतरी कचेऱ्यांत अजून पडून आहे. तुमच्या मुलाने ते त्याच्या कारखान्यापुरतं केलं तरी मी त्याला मोठं काम म्हणेन.

प्रिंटरचंही ऐका. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या दुरुस्त्या सोडतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणून आपला गोंधळ बुधवारी सकाळी सुरू होतो. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईच्या भागात एक धोकादायक भोक सापडलं. ते बुजवणाऱ्या दुरुस्त्या आल्या आणि सप्टेंबरात अनेक ठिकाणी नेटवर्कवरचे प्रिंटरच चालेनासे झाले. दुरुस्ती काढून टाकावी तर दार उघडं, ठेवावी तर चलनं छापायची कशी? दुरुस्ती न टाकल्याची किंमतही जगाने पाहिली आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने देशोदेशीची मशीन कुलूपबंद केली. त्याच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, ज्यांनी टाकली नव्हती ते सापडले. हा निर्णय दर महिन्याला कुणीतरी घ्यायचा असतो. तुमच्या मुलाच्या कारखान्यात तो एकटाच घेतो.

यात भविष्य आहे का, याला माझं उत्तर आहे १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं. पण बंद पडलेलं मशीन दुरून दुरुस्त करता येत नव्हतं. बहुतेक ठिकाणी एकेका मशीनसमोर बसायचं, ते सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या गोष्टी चालू ठेवून) उघडायचं, एक फाइल पुसायची आणि पुन्हा चालू करायचं. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली शोधायची. ज्या ॲडमिनने त्या किल्ल्या नीट नोंदवून ठेवल्या होत्या, त्याचं काम पुढे सरकलं. बाकीचे किल्ल्या शोधत बसले. क्लाउड (इंटरनेटवरून वापरायचे दूरचे सर्व्हर) आलं, एआय आलं, तरी हे काम जाणणारा माणूस लागतोच. क्लाउडमधल्या मशीनलासुद्धा ॲडमिन असतो.

आता फोनचं. ताई, मला खरी काळजी इथे वाटते. रात्री-अपरात्री फोन येतो म्हणजे मुलगा महत्त्वाचा आहे, असं घरच्यांना वाटतं आणि मुलालाही वाटू लागतं. मला तसं वाटत नाही. फोन रोज येत असेल तर एक तर त्याच्या डोक्यातलं कागदावर उतरलेलं नाही, नाहीतर मालकाने दुसरा माणूस तयार केलेला नाही. मी ज्या जुन्या, मुरलेल्या ॲडमिन मंडळींना ओळखते, त्यांची सुट्टी शांत जाते, कारण त्यांनी ती मेहनतीने शांत केलेली असते. त्याने एक वही करावी, खरीखुरी कागदाची. नेटवर्कचा कुठला स्विच कुठे, कुठल्या सॉफ्टवेअरची मुदत कधी, प्रिंटर अडकला तर कारकुनाने स्वतः कुठल्या चार गोष्टी करून बघायच्या. मुख्य पासवर्ड बंद लखोट्यात मालकाच्या तिजोरीत. शुक्रवारी दुपारनंतर कुठल्याच यंत्रणेला हात लावायचा नाही.

आणि बॅकअप. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक कारखान्याबाहेर. बाहेर का, ते कोकणात समजावून सांगायला लागू नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तळमजलेच्या तळमजले बुडाले. सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असेल तर दोन्ही एकदमच बुडतात. शिवाय महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. कधीच न उघडलेल्या बॅकअपवर मी तरी विसंबणार नाही.

एवढं केल्यावर त्याने मालकाशी बोलावं आणि ठरलेलं लेखी घ्यावं. कुठल्या वेळेत फोन चालेल, ‘तातडीचं’ कशाला म्हणायचं, रात्री काम केलं तर दुसऱ्या दिवशीची सुट्टी कशी मिळेल. कोकणातली मुलं हे बोलायला लाजतात, आणि तिथेच त्यांचं नुकसान होतं.

आता मृदंग. तो सोडू नये असं मी का म्हणते ते सांगते. त्याच्या वाजवण्याने नोकरीत अमुक फायदा होतो, असलं काही मी सांगणार नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट समोर बोलत, गात जातो आणि वाजवणाऱ्याने ते तिथल्या तिथे पकडायचं असतं. ज्याला हे जमतं त्याने ते वाजवावं, एवढं कारण मला पुरेसं आहे. गावोगावच्या जत्रा तिथीवर ठरलेल्या असतात, त्यांच्या तारखा आधीच समजतात. त्या रात्री रजेच्या कॅलेंडरवर आधी टाकाव्यात आणि २० तारखेशी टक्कर होते का ते बघावं. एक अट मात्र तुमच्या बाजूने मी घालते. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. जागून आलेल्या माणसाने त्या दिवशी सर्व्हरला हात लावायचा नाही. सुट्टी घ्यायची आणि झोपायचं.

काळ्या पडद्यावर तो काय टाइप करतो तेही सांगते. बहुधा लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, शिकतोय, आणि हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य. जगातले बहुतेक मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून, फुकट आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर नेटवर्किंगचे अभ्यासक्रम आहेत, तेही शिकायला फुकट. त्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर टाकून तो लॅपटॉपच्या आतच दोन-तीन खोटी मशीन उभी करू शकतो, ती मुद्दाम बिघडवून पुन्हा उभी करू शकतो. त्याला लिनक्सची ओढ असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा, नेटवर्कची असेल तर सिस्कोची सीसीएनए. दोन्ही एकदम नकोत. मी आरएचसीएसएकडे झुकेन, कारण तिच्यात मशीन समोर ठेवतात आणि काम करून दाखवायला लावतात. पाठांतर तिथे चालत नाही. त्यासोबत रोजची कंटाळवाणी कामं पॉवरशेलच्या छोट्या स्क्रिप्टने, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आज्ञांनी, करायची सवय लावावी. पुढची बढती त्यातूनच मिळते.

तो कायम त्या कारखान्यात राहावा असं मात्र मी म्हणणार नाही. एकटा माणूस सगळं शिकतो, पण चूक दाखवणारा वरचा कुणी नसला तर काही वर्षांनी वाढ खुंटते. वर्षभरात परीक्षा देऊन मग त्याने बाहेर बघावं. पुण्या-मुंबईकडेच बघायला हवं असंही नाही. तुमच्यापासून गोवा हाकेच्या अंतरावर आहे. मोपाचा विमानतळ २०२३ पासून सुरू आहे, हॉटेलं आहेत, इस्पितळं आहेत, वेर्ण्याचे कारखाने आहेत. या सगळ्यांना ॲडमिन लागतात.

क्लासची आगाऊ रक्कम भरू नका. नोकरीची हमी देणारा क्लास मुलाकडे न बघता ती कशी देतो, ते त्यांना लेखी विचारा: कुठली कंपनी, कुठलं पद, नोकरी न लागल्यास फी परत कधी. उत्तर टाळलं तर महिनाअखेर खुशाल उलटू द्या. तेवढ्या पैशात परीक्षेची फी भरून घरातल्या लॅपटॉपची रॅम वाढवता येईल. त्याआधी मुलाला हे पत्र वाचायला द्या, आणि परीक्षा कुठली ते त्यालाच ठरवू द्या.