जंत नव्हे, शंटची नळी

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. तान्हा असताना डोक्यात पाणी झालं म्हणून शंट (ते पाणी पोटात सोडणारी नळी) बसवला. परवा शीला बसला तेव्हा खाली पांढरी, बारीक नळीसारखी वस्तू लोंबत होती, टोकाला पाण्याचा थेंब. सासूबाई म्हणाल्या जंत, आणि जंताचं औषध पाजलं. तो उठला आणि ती आत गेली. ताप नाही, पोटदुखी नाही, खेळतोय. पुन्हा दिसली तर ओढून काढू का?
– एक आई, ता. जत, जि. सांगली

उत्तर : ताई, ओढू नका, कापू नका, आत ढकलूही नका. पत्र मिळताच तुम्हाला फोन करून ‘आजच निघा’ म्हटलंच आहे. हे इतरांसाठी लिहितो.

सासूबाईंना बोल लावू नका, डॉक्टरही इथे फसतात. पण जंतातून पाणी ठिबकत नाही. तुम्ही पाहिलेला तो थेंब बहुधा मेंदूतलं पाणी.

शंटची नळी मेंदूच्या पोकळीतून निघते, कानामागून कातडीखालून पोटात उतरते. क्वचित तिचं टोक आतड्याला टेकून टेकून भोक पाडतं आणि आत शिरतं. नळीभोवती जाड अस्तर धरलेलं असतं, त्यामुळे पोटात घाण सांडत नाही आणि मूल हसतंखेळतं राहतं. पण आतड्यातले जंतू नळीतून वर चढले तर मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग होतो. आत गेली म्हणजे मिटलं, असं नाही. शीने माखलेलं टोक आत गेलं, एवढंच.

पुन्हा दिसली तर निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळा. दिसो वा न दिसो, जुनी फाइल घेऊन तडक मिरज-सांगलीला, न्यूरोसर्जन (मेंदूचे सर्जन) असेल तिथे. तिथे नळी वरच्या बाजूला सोडवतात आणि खालचा तुकडा खालूनच काढतात, म्हणजे घाण टोक पोटातून फिरत नाही. मेंदूतलं पाणी तपासतात, अँटिबायोटिक देतात, काही दिवस पाणी बाहेर पिशवीत काढतात. जंतू गेल्याची खात्री झाली की नवा शंट. आतड्याचं भोक बहुतेकदा आपोआप बुजतं.

हे झालं दुर्मिळ. नळी तुंबणं मात्र नेहमीचं : उलट्या, डोकेदुखी, गुंगी. अशा मुलाच्या उलट्यांना ‘पित्त झालं’ म्हणून घरी थांबू नका. आणि मुलग्याचं अंडकोष अचानक सुजलं तर तेही दाखवा. नळी कधी कधी तिथेही उतरते.